मैदानांचे परीक्षक

बदलीच्या गावी सामान उतरून चार दिवस होतात न होतात तोच त्या गावाविषयीचा आपला निकाल तयार झालेला असतो. पाणी जड, माणसे तुटक, भाजी महाग, क्लब बरा. नोकरीत वर्षे जातात तशी ही सवय अंगवळणी पडते आणि दफ्तरतपासणीच्या शेऱ्यांप्रमाणे आपण गावांवर शेरे मारीत हिंडू लागतो. महाराष्ट्राबाहेर आयुष्य काढणाऱ्या आम्हां मंडळींत हा दोष अंमळ अधिकच आढळतो. कारण मनात एक गाव आधीपासून वसलेले असते आणि प्रत्येक नव्या गावाला त्याचेच माप लावले जाते. प्रस्तुत लेखाचा विषय मात्र गावे हा नसून गोल्फची मैदाने आणि त्या मैदानांचे परीक्षण लिहिणारी माणसे हा आहे. विषय वाचून कित्येक वाचकांस हसू येईल. परंतु बंगाल, पंजाब, मध्यप्रदेश किंवा आसाम येथे ज्यांची नोकरी झाली त्यांच्यापैकी बहुतेकांनी क्लबाच्या ओसरीवर बसून तरी हा खेळ पाहिलेलाच असेल. ब्रिटिश बेटांच्या बाहेरचा सर्वांत जुना गोल्फ क्लब कलकत्त्याचा, तो १८२९ सालचा. साहेब गेला, पण छावण्यांच्या कडेची त्याची मैदाने राहिली आणि बदलीच्या हुकुमाबरोबर तीही आपल्या वाट्याला आली.

या विषयाकडे आम्ही वळलो ते केवळ कुतूहलापोटी नव्हे. काही वर्षांपूर्वी उत्तरेकडील एका छावणीच्या गावी आमची नेमणूक होती. तेथे नऊ होलांचे एक मैदान होते. ग्रीन नावापुरतेसुद्धा नव्हते. त्याच्या जागी तेल पाजून दाबून बसविलेली वाळू, जिला तिकडे ‘ब्राउन’ म्हणतात. ऐन मे महिना, अंगाची लाही होत होती, आणि त्या सकाळी आमचा खेळ इतका वाईट झाला की शेवटी शेवटी कॅडीनेही फटके मोजण्याचे सोडून दिले. दुर्दैवाने त्याच आठवड्यात क्लबाच्या चिटणिसांनी आपल्या छोट्या त्रैमासिक पत्रिकेसाठी मैदानाचे परीक्षण लिहून द्याल का, अशी विचारणा केली. आम्ही होकार दिला आणि दोन पाने लिहिली. भाषा खुसखुशीत होती. ओसरीवर बसून ती मोठ्याने वाचली गेली, हशा पिकला. सहा महिन्यांनी समितीच्या बैठकीचे इतिवृत्त पाहण्यात आले. मैदानावरील दोन माळ्यांचे काम बंद करण्याचा ठराव त्यात होता, आणि त्या मैदानाला मैदान म्हणावे असे काही उरलेले नाही याला आधार म्हणून आमच्याच परीक्षणाचा दाखला दिलेला होता. विहिरीवरचा पंप त्या मे महिन्यात जळालेला होता आणि ते दोघे जण डोक्यावरून पाणी वाहून झाडे तगवीत होते, ही हकीकत आम्हांला त्यानंतर कळली. त्यांच्यापैकी एक जण पुढे एकदा बाजारात भेटला. नेहमीप्रमाणे त्याने आम्हांला नमस्कार केला. आम्हांला तो घेववला नाही.

तेव्हापासून दुसऱ्यांनी हे काम कसे केले ते आम्ही वाचू लागलो. या वाचनात जो इतिहास हाती आला तो असा.

हा खेळ मूळचा स्कॉटलंडच्या समुद्रकाठचा. भरतीची रेघ आणि शेतजमीन यांच्या मध्ये वाळूच्या टेकाडांची, आखूड ताठ गवताची, पिकाला निरुपयोगी अशी जी पट्टी असते तिला तिकडे ‘लिंक्स’ म्हणतात. या पट्टीवर मेंढ्या चरत आणि माणसे खेळत. ती मैदाने कोणी आखलेली नव्हती. त्यामुळे त्यांचे परीक्षण करावे असेही कोणाच्या मनात आले नाही. आपल्या गावच्या नदीचे कोणी परीक्षण लिहितो काय? सेंट अँड्र्यूजच्या मैदानावर १७६४ सालापर्यंत एका फेरीत बावीस होल खेळत. त्या साली काही होल एकमेकांत मिळवून अठरा केले, आणि पुढे जगाने तोच आकडा उचलला. परीक्षणाला तुलना लागते आणि तुलनेला प्रवास लागतो. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात रेल्वेमुळे लंडनचा वकील शनिवारी डेव्हन किंवा स्कॉटलंडकडे जाऊ लागला, तेव्हा कोठे ‘हे मैदान त्याहून बरे’ असे म्हणणारा माणूस निर्माण झाला.

होरेस हचिन्सन हा त्या पिढीचा. १८८६ व १८८७ अशी लागोपाठ दोन वर्षे ब्रिटनची हौशी अजिंक्यपदाची स्पर्धा जिंकणारा हा गृहस्थ लेखणीचाही धनी होता. त्याने १८९७ साली ‘ब्रिटिश गोल्फ लिंक्स’ नावाचा एक भारदस्त, छायाचित्रांनी सजलेला ग्रंथ संपादित करून प्रसिद्ध केला. मैदानामागून मैदान घेऊन होलांची नावे, अंतरे, अडथळे आणि आसपासचा देखावा यांची माहिती देणारे हे काम मोठ्या कष्टाचे होते, यात शंका नाही. पण आजच्या अर्थाने ते परीक्षण नव्हे, स्थळवर्णन होय. आपल्याकडील जुन्या गॅझेटियरांसारखे ते आहे: माहिती पुष्कळ, पण वाचून झाल्यावर तेथे जावे की न जावे हे मात्र वाचकाने आपल्या जबाबदारीवर ठरवावयाचे.

हे ठरविण्यास मदत करणारा पहिला मोठा लेखक म्हणजे बर्नार्ड डार्विन. उत्क्रांतिवादाचा जनक चार्ल्स डार्विन याचा हा नातू, जन्म १८७६. जन्मतःच आई गेली, आणि म्हाताऱ्या आजाआजीच्या घरी त्याचे बालपण गेले. केंब्रिजला शिकला, वकील झाला. वकिलीत मन रमेना म्हणून १९०७ च्या सुमारास ती सोडून तो गोल्फविषयी लिहू लागला आणि लंडनच्या ‘टाइम्स’मध्ये १९५३ पर्यंत लिहीत राहिला. त्या पत्रात लेखकाचे नाव छापण्याची पद्धत नव्हती. तरी वाचक पहिल्या दोन वाक्यांत त्याला ओळखीत. त्याचा ‘द गोल्फ कोर्सेस ऑफ द ब्रिटिश आइल्स’ हा ग्रंथ १९१० साली हॅरी राऊंट्री याच्या रंगीत चित्रांसह निघाला, आणि तेव्हापासून मैदान-परीक्षण हा लेखनाचा एक स्वतंत्र प्रकार झाला असे म्हणण्यास हरकत नाही.

डार्विनने नवीन असे काय केले? अंतरांचे कोष्टक त्याने बाजूस सारले आणि मैदानावर चालणाऱ्या माणसाच्या मनात काय चालते ते सांगण्यास आरंभ केला. या टी-वर उभे राहिल्यावर पोटात गोळा कोठे उठतो, त्या वाळूच्या खड्ड्याची भीती खरी किती आणि दिखाऊ किती, कोणत्या होलवर सरळ मारणाऱ्यापेक्षा विचार करून मारणाऱ्याचे फावते. तो स्वतः कसलेला खेळाडू होता. हौशी अजिंक्यपदाच्या स्पर्धेत दोनदा उपान्त्य फेरीपर्यंत पोहोचलेला. १९२२ साली पहिल्या वॉकर चषकाच्या सामन्यांचे वृत्त पाठविण्यासाठी तो अमेरिकेस गेला असता ब्रिटिश संघाचा नायक आजारी पडला. तेव्हा वार्ताहराची लेखणी खाली ठेवून हाच नायक म्हणून मैदानात उतरला आणि अमेरिकन नायकाला हरवून परतला. अशा माणसाला दुर्बळ खेळाडूच्या यातना कळू नयेत असे वाटेल. पण आपल्या हुकलेल्या फटक्यांबद्दल तो इतक्या मोकळेपणाने लिहितो की हँडिकॅप चोवीस असलेल्या आमच्यासारख्यालाही तो घरचा वाटतो.

आणखी एक गोष्ट त्याने केली, आणि आमच्या मते तीच मोलाची. वेल्समधील ॲबरडोव्ही हे त्याचे आजोळकडचे मैदान. त्याचे मामा कर्नल रक यांनी गावातील एका बाईकडून फुलझाडांच्या नऊ कुंड्या मागून आणल्या आणि त्या जमिनीत पुरून पहिले होल तयार केले, अशी त्या मैदानाची जन्मकथा तो सांगतो. लहानपणच्या सुट्ट्या तेथे गेल्या. मग त्या मैदानाचे परीक्षण निःपक्षपातीपणे कसे करावयाचे? डार्विनने निःपक्षपाताचा आव आणलाच नाही. या मैदानावर आपला जीव सर्वांत अधिक जडलेला आहे, हे त्याने सरळ लिहून टाकले. वाचकाने पुढच्या स्तुतीतून हवे तेवढे वजा करून घ्यावे. न्यायालयात साक्षीदार प्रथम आपले पक्षकाराशी असलेले नाते सांगतो आणि मग साक्ष देतो. साक्ष त्याने बाद होत नाही, तिचे वजन किती धरावे ते मात्र कळते. वकिली डार्विनला मानवली नाही, पण तिच्यातून एवढे तो घेऊन आला, असे आम्हांला नेहमी वाटते.

प्रेमाची कबुली देणे त्या मानाने सोपे. रागाची कबुली देणे कठीण. यासंबंधी सेंट अँड्र्यूजच्या जुन्या मैदानाच्या दोन कथा सांगण्यासारख्या आहेत. हे मैदान प्रथमदर्शनी कोणाच्याही डोळ्यांत भरत नाही. सपाट, करडे, झाडाचा पत्ता नाही. अठरांपैकी चौदा होल दोन दोन मिळून सात प्रचंड ग्रीन वापरतात, आणि प्रत्येक जोडीच्या क्रमांकांची बेरीज अठराच येते: दुसरा व सोळावा, तिसरा व पंधरावा, असे. कित्येक बंकर टी-वरून दिसतच नाहीत. १९४६ साली अमेरिकेचा सॅम स्नीड ओपन स्पर्धेसाठी आगगाडीने तेथे येत होता. खिडकीतून बाहेर पाहून, हे कोठले टाकून दिलेले जुने गोल्फचे मैदान, अशा अर्थाचे काही तो बोलला. ते ऐकून स्कॉटिश मंडळींचा जो संताप झाला तो अजून पुरता निवळलेला नाही. स्नीडने ती स्पर्धा जिंकली, त्याला दीडशे पौंडांचे बक्षीस मिळाले आणि प्रवासखर्च त्याहून अधिक झाला. पुढच्या वर्षी तो विजेतेपद राखण्यासाठी आलाच नाही. आगगाडीच्या खिडकीतून दिलेला निकाल आणि पदरचे पैसे गेल्याचा राग, या दोहोंचे मिश्रण किती परीक्षणांत असते याचा हिशेब कोणी केला तर तो उद्बोधक ठरेल.

दुसरी कथा बॉबी जोन्स याची. १९२१ साली एकोणीस वर्षांचा हा पोरगा प्रथमच तेथे ओपन खेळावयास आला. तिसऱ्या फेरीत पहिल्या नऊ होलांनाच त्याचे सेहेचाळीस फटके झाले, दहाव्यावर आणखी घात झाला, आणि अकराव्यावर वाळूत रुतल्यानंतर त्याने चेंडू उचलून खिशात टाकला. स्पर्धेतून तो असा रागाने बाहेर पडला. त्या संध्याकाळी कोणी त्याला त्या मैदानाचे परीक्षण लिहावयास सांगितले असते तर काय वाचावयास मिळाले असते, याची कल्पना करवते. पण जोन्स परत आला. वारा बदलला की त्याच मैदानावर वेगळी वाट शोधावी लागते आणि जे बंकर निष्कारण खणल्यासारखे वाटतात ते त्या दुसऱ्या दिवशी नेमके आड येतात, हे तो हळूहळू शिकला. १९२७ ची ओपन त्याने तेथेच जिंकली, १९३० ची हौशी अजिंक्यपदाची स्पर्धाही तेथेच. १९५८ साली त्या नगराने त्याला आपले नागरिकत्व बहाल केले. त्याच्या आधी हा मान मिळालेला अमेरिकन म्हणजे १७५९ सालचा बेंजामिन फ्रँकलिन. मज्जारज्जूच्या विकाराने त्या वेळी जोन्सला धड चालताही येत नव्हते. सेंट अँड्र्यूज येथील अनुभव तेवढे ठेवून बाकी सारे आयुष्य कोणी काढून नेले, तरीही आपले जीवन संपन्नच ठरेल, अशा आशयाचे तो तेथे बोलला. तो सभागृहातून जाऊ लागला तेव्हा सगळ्या सभेने एक जुने निरोपाचे गाणे म्हटले. १९२१ चा निकाल आणि १९५८ चा निकाल एकाच माणसाचा, एकाच मैदानाविषयीचा. मधल्या काळात मैदान फारसे बदललेले नव्हते.

आता ‘न्याय्य मैदान’ म्हणजे काय, हा वाद. स्कॉटलंडमध्ये प्रेस्टविक येथे, ज्या क्लबाच्या भूमीवर १८६० साली पहिली ओपन झाली तेथे, पाचव्या होलचे नाव आहे ‘हिमालय’! शिमल्याला राहून आलेल्या आमच्या मित्रांना हे नाव सांगितले की ते खो खो हसतात. वाळूच्या एका थोराड टेकाडावरून चेंडू पलीकडे मारावयाचा. ग्रीन दिसत नाही, दिसते ते टेकाड. पाहुणा म्हणतो, हा अन्याय आहे. यजमान म्हणतो, हीच तर मौज. या वादात डॉ. अलिस्टर मॅकेंझी यांचे मत वाचनीय आहे. हे मूळचे वैद्य. बोअर युद्धात शत्रूने भूप्रदेशाचा आडोसा कसा वापरला ते पाहून आले आणि पुढे वैद्यकी सोडून मैदाने आखू लागले. १९१४ साली ‘कंट्री लाइफ’ या नियतकालिकाने होल आखण्याची स्पर्धा ठेवली, तीत पहिले बक्षीस यांना मिळाले. परीक्षकांत हचिन्सन आणि डार्विन दोघेही होते. १९२० साली त्यांनी आपल्या छोट्या पुस्तकात चांगल्या मैदानाची तेरा लक्षणे दिली. ग्रीनकडे मारावयाचे फटके शक्यतो आंधळे नसावेत, हे त्यांत आहेच. पण आम्हांला विशेष वाटले ते निराळेच लक्षण: अगदी नवशिक्यालाही, फटक्यांचा डोंगर रचीत असतानासुद्धा, फेरीचा आनंद घेता आला पाहिजे. म्हणजे परीक्षकाने केवळ स्वतःच्या पायांनी चालून भागत नाही. आपल्याबरोबर कोणी साठीचे गृहस्थ, कोणी नुकती खेळू लागलेली मुलगी होती काय, आणि त्यांचे काय झाले, हेही त्याने पाहिले पाहिजे. आम्ही त्या मे महिन्यात फक्त स्वतःकडे पाहिले होते.

महायुद्धानंतर अमेरिकेत या कामाला निराळेच वळण लागले. मैदान जितके अवघड तितके थोर, असा समज रूढ झाला. १९५१ साली ओकलंड हिल्स येथील राष्ट्रीय स्पर्धेसाठी मैदान इतके आवळले गेले की साऱ्या स्पर्धेत पारच्या आत फक्त दोन फेऱ्या झाल्या, आणि विजेत्या बेन होगनने त्या मैदानाला राक्षसच म्हटले. ‘गोल्फ डायजेस्ट’ मासिकाने १९६६ साली जी पहिली यादी छापली ती अमेरिकेतील सर्वांत अवघड दोनशे मैदानांची होती. थोरपणाचे निकष पुढे तीत आले आणि अवघडपणा हा अनेकांतला एक ठरला. अवघडपणा मोजण्याचे शास्त्रही आता आहे: सामान्य खेळाडूला मैदान तुलनेने किती जड जाते ते ५५ ते १५५ या आकड्यांत सांगतात, मध्य ११३ धरतात. हे उपयुक्त आहे. पण ताप किती आहे हे थर्मामीटर सांगतो. माणूस कसा आहे हे सांगत नाही.

आकड्यांचा मोह मात्र कोणालाच सुटला नाही. टॉम डोक नावाचा अमेरिकन तरुण १९८२ साली शिष्यवृत्तीवर ब्रिटनला गेला, सेंट अँड्र्यूजला कॅडी म्हणून राबला आणि तेथली मैदाने एकामागून एक पाहत सुटला. १९८८ साली त्याने आपली मते टंकलिखित करून सुमारे चाळीस मित्रांपुरत्या छायाप्रती काढल्या आणि नाव दिले ‘कॉन्फिडेन्शियल गाइड’. गोपनीय! आपल्या वार्षिक गोपनीय अहवालांची आठवण होऊन आम्हांला यात गंमत वाटली. गोपनीय म्हणूनच त्यात कोणाची भीड नव्हती. शून्य ते दहा अशी गुणांची पट्टी होती, आणि शून्य राखून ठेवले होते ते पैसा ओतून निसर्गाची विटंबना करणाऱ्या मैदानांसाठी. मात्र सामान्य मैदानाला त्याच्या पट्टीवर तीन गुण मिळतात, आणि पाच म्हणजे सरासरीहून बरेच वर. शाळेतल्या गुणांची सवय असलेला वाचक पाचाला काठावरचा समजतो आणि क्लबाचा चिटणीस खवळतो. १९९६ साली पुस्तक बाजारात आले तेव्हा चाळिसांसाठी लिहिलेले शेरे हजारोंनी वाचले. शिवाय डोक स्वतः मैदाने आखणारा. प्रतिस्पर्ध्यांच्या कामावर त्याने लिहावे काय, हा प्रश्न उरतोच. २०१४ पासून निघालेल्या नव्या खंडांत त्याने आणखी तिघांना बरोबर घेतले आणि प्रत्येकाचा आकडा वेगवेगळा छापला. चौघांचे आकडे जेथे जुळत नाहीत तेथे वाचकाला खरी माहिती मिळते, असा आमचा अनुभव आहे.

परीक्षणावर तारीख का हवी, याचे उदाहरण दिल्लीकर वाचकांच्या दाराशीच आहे. दिल्ली गोल्फ क्लबाच्या मैदानात मध्ययुगीन थडगी आणि घुमट उभे आहेत, फेअरवे अरुंद, दोन्ही अंगांना दाट झाडी आणि मोर. १९६४ साली पहिली इंडियन ओपन येथे झाली, ती ऑस्ट्रेलियाच्या पीटर टॉमसनने जिंकली. पुढे १९७० च्या दशकात त्याच टॉमसनच्या हातून या मैदानाची पुनर्रचना झाली, आणि २०१९ मध्ये गॅरी प्लेअरच्या आराखड्याप्रमाणे ग्रीन पुन्हा नव्याने बांधले गेले. १९६४ चे कितीही प्रामाणिक परीक्षण घेऊन आज कोणी तेथे गेला तर घुमट आणि मोर तेवढे त्याला ओळखू येतील.

गेल्या हिवाळ्यात त्या छावणीच्या गावावरून जाण्याचा योग आला. एका दिवसाचे काम होते. आम्ही तीन दिवस राहिलो आणि तीनदा खेळलो, एकदा ज्वारीच्या ताटासारखा उभा वारा वाहत असताना. पंप नवा बसलेला आहे. सातव्या होलवर जुन्या बांधाचा जो उपयोग करून घेतला आहे, तो मे महिन्यात आमच्या ध्यानातच आला नव्हता: बांधाच्या डावीकडून लांबची वाट सुरक्षित, उजवीकडून जवळची वाट बाभळींच्या पोटातून. ब्राउनवरचा चेंडू, नीट दाताळे फिरवलेले असेल तर, कित्येक ग्रीनांपेक्षा खरा धावतो. दुसरे परीक्षण लिहिले. पहिल्या ओळीत तारीख, वारा, आमचा हँडिकॅप आणि तिन्ही दिवसांचे फटके. दुसऱ्या ओळीत, चहा क्लबाने पाजला हे. तिसऱ्या ओळीत, पूर्वीचे परीक्षण कोणत्या महिन्यात आणि कशा मनःस्थितीत लिहिले होते ते. पत्रिका आता निघत नाही. नव्या चिटणिसांनी कागद वाचला, घडी घातली आणि जुन्या इतिवृत्ताच्या फाइलीत त्या ठरावाच्या मागे लावून ठेवला. मैदानावर हल्ली एकच माळी आहे. बाजारात भेटलेला तो माणूस स्टेशनरस्त्यावरच्या एका रोपवाटिकेत कामाला आहे, असे त्याने सांगितले; त्या बाजूने आम्ही दोनदा गेलो, पण दोन्ही वेळा तो कामासाठी बाहेर गेलेला होता.